पट्टीखालचा मुकादम

३ मार्च

आणि वर आम्हालाच शुभेच्छा? "आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा." वाटचाल म्हणे! पोरगी घरातून उठून कामावर जायला निघाली होती, तिला परत खुर्चीत बसवलंत, आणि वर वाटचाल. असलं लिहायला तुमच्याकडे पगारी माणूस असतो की मशीनच लिहितं? खाली नाव नाही, सही नाही. नुसतं "टीम व्यवस्थापन". व्यवस्थापन म्हणजे तूच ना रे? मग लिहायचं की नाव. लाज वाटत होती तर तसं लिहायचं.

मी कोण ते अक्षरावरून कळलं असेलच. फोनवर तू तुझ्या मोठ्या बहिणीचा नंबर अडवून ठेवलायस, म्हणून पोस्टानं पाठवतेय, तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, वाचताना डोळे दुखतील. दुखू देत. सगळा जन्म पडद्यासमोर घालवून काही झालं नाही त्यांना, यानंही होणार नाही.

बारकीबद्दल लिहितेय. माझी मुलगी, तुझी भाची. तू घर सोडलंस तेव्हा रांगत होती. आता माझ्याहून वीतभर उंच झाली तरी घरात नाव बारकीच आहे. तुला मात्र ती बारकी म्हणून माहीत नाही, मुकादम म्हणून माहीत आहे. मुलाखतीत तिचं तोंड बघून तुला ते कळलं, हे मला ठाऊक आहे. पण स्वच्छ शब्दांत कुणी तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. दोन वर्षं रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर कॉम्प्युटरवर तो लढाईचा खेळ खेळत होतास, "मुकादम, आता कुठून येतील?" "मुकादम, थांबू की जाऊ?" असं ज्याला लहान पोरासारखं विचारत होतास, ती ही.

नाव काय घेतलं तर मुकादम! आमच्या लाँड्रीत एक मुकादम आहे, त्याला मी घरी येऊन रोज शिव्या घालते. पोरीनं तेच उचललं. म्हणाली, तो बसल्या जागेवरून सगळ्यांना पळवतो, मीपण तेच करते. खेळात आवाज कधी दिला नाही तिनं, सगळं टाइप करून. का? एकदा आवाज दिला होता, तर पोरगी आहे कळल्यावर पलीकडच्या पोरांनी जे काय ऐकवलं ते मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. असली तुमची ती नवी दुनिया. त्यापेक्षा आमच्या लाँड्रीतले हमाल सभ्य. ते शिवी देताना निदान समोर तरी उभे असतात.

आणि तू? तू तिला लिहिलं होतंस, "मुकादम, तुझ्यासारखं डोकं माझ्या अख्ख्या टीममध्ये नाही. तुझी आई काय खाऊन व्याली तुला?" बारकीनं मला हसत हसत वाचून दाखवलं होतं. तर ऐक. तुझी बहीण उरलंसुरलं खाऊन व्याली. तू ताटात टाकून जायचास ते.

काम तूच देऊ केलं होतंस. समोरच्या टीमचे जुने सामने बघायचे, ते कुठे चुकतात, कुठे घाबरतात ते काढून तुमच्या पोरांना सांगायचं. बसून दुसऱ्यांच्या चुका काढण्याचे पगार मिळतात हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी आज बंगल्यात असते. असो. शर्टाचं मापसुद्धा विचारून घेतलंस तिचं. "एवढं लहान? हाडकुळा दिसतोस मुकादम," असंही म्हणालास. मग म्हणालास, मुलाखत म्हणून एकदा व्हिडिओवर समोरासमोर बोलू, नुसतं नावाला. ती केस विंचरून बसली. आणि दोन वाक्यं झाली नाहीत तोच तिकडून बंद. कनेक्शन तुटलं, असं बारकी म्हणाली. मी तेव्हा फक्त बादली घेऊन आत आले होते. दुसऱ्या दिवशी तुमच्या शुभेच्छा.

मला तुझ्या धंद्याचं काही कौतुक नाही. मी असलं काही बघतही नाही. पण कबूल केलेलं काम का दिलं नाही, तेवढं कळव. मला नको, तिला कळव.

तुझी ताई

१९ मार्च

श्रीयुत कोच,

कप मिळाला. वाटेत त्याचा कान तुटला. पोरगी नोकरी मागते आणि मामा कप पाठवतो, त्यावर टीमचं चित्र, आत वर्तमानपत्राचा बोळा, आणि दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. म्हणजे माझं पत्र पोचलं, वाचलंस, आणि विचार करकरून तुझ्या त्या मोठ्या डोक्यातून कप निघाला. साबणाची पूड मापायला घेतलाय. बरोबर येते मापात, तेवढ्यापुरते आभार.

पण त्या कपापायी घरात आग लागली. बारकीला मी पत्राचं बोललेच नव्हते. पार्सल तिनंच उघडलं.

"तू मामाला लिहिलंस?"

"लिहिलं. मग?"

"मी भाची म्हणून काम मागितलं नव्हतं, आई. मुकादम म्हणून मागितलं होतं."

"म्हणजे तो मामा आहे हे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि दोन वर्षं तू त्याला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तो पळाला असता. सांगितलं असतं तर तू मशीन बंद केलं असतंस. तुम्ही दोघं अगदी सारखे आहात."

मी आणि तू सारखे! मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. आणि तीही अशी चिवट, तिनंही हाक मारली नाही. तेव्हा जरा वाटलं की माणसं एकमेकांसारखी असतात खरी. पण मी आणि तू नाही.

तर आता तिनं मामाचा नाद सोडून दुसरीकडे हात मारायला घेतले. त्याची हकीकत ऐक, तुझ्याच जातभाईंची आहे. एका कंपनीत गेली, तिथे नवा खेळ विकायच्या आधी तपासायचं काम असतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेळातल्या भिंतींना धडका मारायच्या, कुठे भोक सापडतं का बघायचं. म्हटलं, हे तर घरी बसूनही करतेस, माझ्याशी बोलताना. त्यांनी विचारलं, आधीचा अनुभव? ती म्हणाली, तुम्ही घेतलंत की येईल. त्यांना ते उत्तर उद्धट वाटलं.

दुसरा एक भरती करणारा, कानात काहीतरी खोचून आला होता, बाहेर चहाच्या दुकानात बसून मुलाखत घेत होता. मी बरोबर गेले होते, शेजारच्या टेबलावर. तो म्हणतो, "कॅमेऱ्यासमोर बसून खेळायचं, हसायचं, लोकांशी गोड बोलायचं. चेहरा छान आहे तुमचा."

बारकी म्हणाली, "खेळ बघणार का माझा?"

"खेळ काय, शिकवू आम्ही."

"मला येतो."

"अहो, न आलेला जास्त चालतो. हरताना मुली गोड दिसतात."

मी उठले. त्याला म्हटलं, "दादा, तुझं कानातलं पडलं बघ." तो खाली वाकला तोवर आम्ही दुकानाबाहेर. त्याच्या चहाचे पैसे त्याचे त्यानं दिले असतील.

आता आमचा खरा मुकादम म्हणतो, चादरींच्या मशीनवर एक जागा रिकामी होतेय, पोरीला आण. हॉटेलच्या तळघरात. खिडकी नाही. वरून खोल्याखोल्यांतल्या चादरी एका भोकातून धपाधप खाली पडतात, त्या मशीनच्या दोन रुळांमध्ये सरळ धरून सोडायच्या. बोटं आत जाऊ द्यायची नाहीत, एवढंच शिक्षण. मी तिथेच केस पिकवलेत, मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण दोन वर्षं एक माणूस जिच्या डोक्याची आरती ओवाळत होता, तिनं तिथे चादरी धरायच्या, तेही तुझ्या गप्प बसण्यामुळे? मशीनवर हवी ती बाई मिळेल. बारकी तिथे गेली की संपली, परत वर येत नाही तिथून कोणी. मला विचार.

मी मुकादमाला सांगितलंय, पुढच्या महिन्यात सांगते.

ताई

६ एप्रिल, सोमवार

खोली नंबर सातशे चार,

हे दाराखालून सरकवतेय. पोस्टाची गरज उरली नाही, कारण सगळ्या शहरात तुमच्या त्या स्पर्धेवाल्यांना उतरायला हेच हॉटेल सापडलं.

तू मला बघितलंस आज. बघितलंस म्हणजे डोळे माझ्या दिशेला होते. सातव्या मजल्यावर लिफ्टसमोर. मी मळक्या टॉवेलांची गाडी घेऊन बाहेर पडत होते आणि तू तुझ्या त्या पाच-सहा पोरांना घेऊन आत शिरत होतास. पोट सुटलंय तुझं. केस गेलेत. फोनमधून मान वर न करता म्हणालास, "मावशी, गाडी जरा बाजूला घ्या."

मावशी!

अरे, तुला कडेवर घेऊन हिंडल्यामुळे माझा एक खांदा अजून खाली आहे. मी तुझी मावशी नाही. पण गाडी बाजूला घेतली. गणवेशातली बाई बाजूला होते, तिला ती सवय असते. तुझी पोरं बरी होती, त्यातल्या एका चष्मेवाल्यानं निदान "सॉरी" म्हटलं.

खाली येऊन मी दोन गाड्या टॉवेल घड्या घातले, तरी डोकं थंड होईना. म्हणून आता एक गोष्ट लिहून टाकते, कारण ती तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि उगाच कनेक्शनच्या नावावर किती दिवस ढकलायची?

कनेक्शन तुटलं नव्हतं. मी बादली घेऊन आत आले, बारकी पाठमोरी बसली होती, पडद्यावर कोण आहे ते मला दिसलं नाही. आणि मी ओरडले, "बंद कर ती बटणं दाबणं, नाहीतर मामासारखी वाया जाशील." मग ती बाजूला झाली आणि पडद्यावर तू होतास. तुझं तोंड असं झालं होतं जसं बाबांनी तुझं ते खेळायचं मशीन जिन्यावरून खाली फेकलं तेव्हा झालं होतं. आणि मग काळा पडदा.

हो, ओरडले. माझं घर आहे. ते वाक्य बाबांचं आहे. रोज जेवताना ते म्हणायचे, तेच माझ्या तोंडात बसलंय. तू काय समजलास, तू गेल्यावर मी तुझ्या नावानं उपास धरून बसले असेन? वाक्य लागलं तर मला ऐकवायचं. नंबर अडवलायस तो उघडायचा आणि तासभर शिव्या घालायच्या, मी ऐकल्या असत्या, वर चार परत दिल्या असत्या. पण तू काय केलंस? ज्या पोरीनं तुला कधी वाया गेलेला म्हटलं नाही, जी घरात चोरून तुझ्या बाजूनं भांडते, तिचंच काम काढून घेतलंस. बाबांवरचा राग बहिणीवर, बहिणीवरचा भाचीवर. आणि स्वतःला कोच म्हणवतोस.

आणि त्या जिन्याचं एवढं धरून बसलायस, तर तेही नीट आठव. खाली वाकून तुटके तुकडे, वायरी, बटणं पदरात गोळा करून तुझ्या पिशवीत कुणी भरली होती? बाबांनी नाही भरली.

गेल्या रविवारी तुम्ही हरलात ते बरं झालं. तो लाल केसांचा पोरगा एकटाच पुढे पळत सुटला आणि बाकीचे मागे शोभेला उभे. मी घड्या घालत होते, बारकीनं लावलं होतं, डोळा गेला एवढंच.

उत्तर दे. खोली बदलून घेऊ नकोस, माझ्याकडे सगळ्या खोल्यांच्या चाव्या आहेत.

ताई

८ एप्रिल, बुधवार

काल तुझ्या दाराच्या मुठीला पाटी लटकत होती. "कृपया व्यत्यय आणू नये." हे माझं उत्तर होतं का? छान छापलेली होती. तुझ्याकडचं सगळं छापीलच असतं.

पण देव म्हण की मुकादम म्हण, कुणीतरी तुमचे शर्ट खाली पाठवले. जांभळे, पाठीवर प्रत्येकाचं खेळातलं नाव. सहा शर्ट, धुऊन इस्त्री, वर एक चिठ्ठी की त्यातल्या एकाचा खांदा उसवलाय, शिवून द्या. त्या शर्टावर नाव "टर्बो". तो त्या चष्मेवाल्याचा, जो सॉरी म्हणाला; लिफ्टसमोर त्याच्या पाठीवर हेच नाव होतं. आता कळलं मला, बारकीच्या जागी तो आलाय. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला बिचाऱ्याला कुणाच्या जागेवर बसलोय ते माहीत नसेल.

शर्ट हातात घेतला तर खांदा नुसता उसवला नव्हता, ताणून फाटला होता. एवढ्या आडव्या पोराला एवढा लहान शर्ट कुणी शिवला? मला वाटलं, तुमच्या शिंप्याला डोळे नसतील. आणि नावाची पट्टी बाकीच्यांसारखी कापडावर छापलेली नव्हती, वरून चिकटवलेली होती. इतकी वर्षं इस्त्री मारतेय, चिकटवलेलं मला बोटाला कळतं. अशा कापडावर वर ओलं फडकं टाकून हलकी वाफ द्यायची असते. दिली. तर पट्टीचं एक टोक उचललं. मी नखानं धरलं आणि सोललं.

मला वाचायला वेळ लागतो. पण हे नाव मी दोन वर्षं रोज त्या पडद्यावर बघतेय.

मुकादम.

शर्ट तिचा आहे. माप तिचं, नाव तिचं. तू मुलाखतीआधीच शिवून ठेवला होतास. म्हणजे मुलाखत खरंच नावाला होती, तुझं ठरलं होतं, मनापासून ठरलं होतं. दोन वर्षं पारखलेलं माणूस तू बहिणीच्या एका वाक्यावर टाकून दिलंस, आणि त्या माणसाचा शर्ट मात्र टाकवला नाही तुला. नवा शिवायला जीवावर आलं की काय? वर पट्टी मारलीस. आणि तो कुठे पाठवलास, तर माझ्याच टेबलावर. अख्ख्या जगात वाफेनं सुटणाऱ्या पट्ट्या सोडवणारी एक बाई, तिच्या हातात. असलं डोकं घेऊन तू समोरच्या टीमला चकवणार?

मी तो शर्ट दिवसभर मांडीवर घेऊन बसले. रडले वगैरे काही नाही, तळघरात वाफ असते.

मग बारकीला बोलावून घेतलं. ती आली, बघितला, नावावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता चिडेल, ओरडेल, तिचं तोंड माझ्यावर गेलंय. तर म्हणते कशी, "आई, त्यानं रंग विचारला होता मला. मी जांभळा म्हटलं होतं." एवढंच. आणि घडी घालून मला परत दिला. मला त्या घडीचा जो राग आला तो मी तुला इथे लिहून दाखवू शकत नाही.

आता नीट ऐक, कारण हे मी एकदाच लिहिणार.

डिंक मी काढून टाकलाय. खांदा शिवलाय, पण टर्बोच्या मापाला नाही, जसा होता तसा, बारकीच्या मापाला. शर्ट माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्या कमरेला. बारकी म्हणते, शनिवारच्या सामन्याला टीममधल्या प्रत्येकाच्या अंगावर टीमचाच शर्ट लागतो, नाहीतर स्टेजवर पाय ठेवू देत नाहीत. मला तुमचे नियम पाठ नाहीत, पण हा एक आवडला. मॅनेजरकडे तक्रार करायची तर कर. तो मला विचारेल, शर्ट कुठे गेला? मी म्हणेन, ज्याचं नाव आहे त्याला दिला. मग तो तुला विचारेल, टीममध्ये मुकादम कोण? तेव्हा काय सांगशील?

ते वाक्य मी परत घेणार नाही. मागे येऊन पाया पडेन अशी आशाही ठेवू नकोस. तू वाया गेलास की नाही, हे बाबांना ठरवता आलं नाही, मलाही नाही. ते शुक्रवारी कळेल.

शुक्रवारी दुपारी बारकी माझ्याबरोबर तळघरात येणार आहे. चादरींच्या मशीनची जागा घेते की नाही ते तिला त्या दिवशी आमच्या मुकादमाला सांगायचंय, त्याच्यापुढे तो थांबणार नाही. तू लिफ्टनं खाली ये. सातव्या मजल्यावरून तळघरात यायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. पोरांना आणू नकोस, मॅनेजरला आणू नकोस, छापील काही आणू नकोस. तिच्यासमोर उभा राहा आणि तोंडानं सांग. काम देतोस तर देतो म्हण. देत नसशील तर का देत नाहीस, ते तिच्या डोळ्यांत बघून म्हण. त्या टर्बोला काय सांगायचं ते तूच ठरव, त्यालाही पट्टी मारून गप्प करू नकोस. आणि मला काही म्हणायचं असेल तर नंतर म्हण, मी आहेच, मशीनच्या आवाजात ओरडून बोलावं लागेल.

हे पत्र पाच शर्टांच्या पिशवीत घालून वर पाठवतेय. वरच्या शर्टाच्या खिशात, म्हणजे तुला मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी इस्त्रीच्या कपड्यांची गाडी वर जाते, तिच्याआधी. गाडी सुटली की मी कपाट उघडणार नाही, आणि बारकी सोमवारपासून चादरी धरणार.

शुक्रवार. वाट बघतेय असं समजू नकोस. उत्तर मात्र हवंय.

गाडीवाली मावशी